रात्री किती माणसे असतात?

आईला त्या केंद्रात ठेवायचे ठरले, तेव्हा मी व्यवस्थापकांना अकरा प्रश्न विचारले होते. ते लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे. गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते? खोलीत ऊन येते का? डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात? जेवणात तिखट कमी करता येईल का? वीज गेली तर जनरेटर आहे का? अनामत रक्कम परत मिळते का? असे अकरा. सगळ्यांची उत्तरे समाधानकारक होती. बाग छान होती, फरशी चकचकीत होती, गणपतीच्या तसबिरीला ताजे जास्वंद वाहिलेले होते. सहकार खात्यात तीस वर्षे लेखापरीक्षक म्हणून काढलेल्या बाईने अकरा प्रश्न विचारले आणि त्यांतला एकही माणसांविषयी नव्हता. आईला रात्री कूस कोण बदलून देणार आणि त्या माणसाच्या अंगावर त्या रात्री आणखी किती जणांचे काम असणार, हे मी विचारलेच नाही.

त्रेचाळिसाव्या दिवशी नेहमीची वेळ सोडून मी सकाळी लवकर गेले. मावशी आईचे अंग पुसत होत्या. माकडहाडाच्या जरा वर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी जखम होती. तिच्यावर पावडर टाकलेली होती. "दोन-तीन दिवस झाले असतील, ताई," मावशी म्हणाल्या. त्या दिवशी दुपारी शल्यविशारदांनी जखम पाहिली, तिसऱ्या पायरीची आहे म्हणाले, आणि "ही दोन-तीन दिवसांची नाही" एवढेच बोलून हात धुवायला गेले.

आई तेव्हा ८४ वर्षांची होती. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. त्याआधीच सुरू झालेला स्मृतिभ्रंश त्या आजारपणात झपाट्याने वाढला. दुखते आहे हे तिला सांगता येत नसे. घरी मी आणि वहिनीने पाच महिने केले. मग वहिनीची कंबर गेली आणि आम्ही केंद्र शोधले.

पुढचे काही महिने मी एकाच गोष्टीच्या मागे होते. म्हाताऱ्या, आजारी माणसाची देखभाल करणाऱ्या संस्थेचा दर्जा मोजता येतो का? येत असेल तर कशाने? हा लेख त्या शोधाची टाचणे आहेत.

जखम काय सांगते

बेडसोर, पुस्तकी मराठीत शय्याव्रण, ही साधी यांत्रिक गोष्ट आहे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि तेवढा भाग मरू लागतो. पहिल्या पायरीत लाली येते, आणि बोटाने दाबली तरी ती फिकी पडत नाही. दुसऱ्या पायरीत कातडी सोलवटते. तिसऱ्या पायरीत जखम कातडीखालच्या चरबीपर्यंत जाते आणि चौथ्या पायरीत स्नायू किंवा हाड उघडे पडते. त्यात ओलावा, कुपोषण, घासले जाणे यांची भर पडते. कोणाला धोका जास्त आहे हे आधी ओळखण्यासाठी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन परिचारिका-संशोधकांनी १९८० च्या दशकात सहा निकषांची एक साधी मोजपट्टी तयार केली. ती आज जगभर वापरली जाते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

प्रत्येक बेडसोर टाळता येतोच असे नाही. अखेरच्या दिवसांत शरीरच हार मानते. पण बहुतेक टाळता येतात. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात असा मुद्दा मांडला होता, की रुग्णाला असा व्रण झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. ती उत्तम संख्याशास्त्रज्ञ होती, हे कमी आठवते. सैनिक कशाने मरतात हे तिने आकृत्या काढून सरकारला दाखवले होते.

लेखापरीक्षकाच्या भाषेत सांगायचे तर बेडसोर ही न झालेल्या कामाची नोंद आहे. इतर सगळ्या नोंदी माणूस लिहितो. ही एक नोंद शरीर स्वतः लिहिते आणि तिच्यावर खाडाखोड करता येत नाही.

नाव नसलेली जागा

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते गल्लीतले दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय. बाळंतपणे, अपेंडिक्स, डेंग्यू. इंग्लंड-अमेरिकेत हाच शब्द जिथे माणूस महिनोन्‌महिने, बहुधा अखेरपर्यंत राहतो, त्या जागेसाठी वापरतात. आपल्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात आजार आणि दुखापतीबरोबर 'दुर्बलते'चाही उल्लेख आहे. त्यामुळे शब्दशः पाहिले तर त्याची कक्षा बरीच रुंद आहे. पण तो घडला आणि राबवला गेला तो रुग्णालये आणि प्रसूतिगृहे डोळ्यांपुढे ठेवून.

दुसरा कायदा २००७ चा, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा. त्याच्या १९ व्या कलमात राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम उभारावेत, सुरुवातीला दर जिल्ह्यात निदान एक, आणि त्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय असावी असे म्हटले आहे. म्हणजे विचार आहे तो निवाऱ्याचा. २०१९ च्या डिसेंबरात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांची सक्तीची नोंदणी आणि किमान मानके, ही त्यातली महत्त्वाची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळले.

या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत आजची 'केअर सेंटर्स' उभी आहेत. त्यांना वृद्धाश्रम म्हणावे तर तिथली निम्मी माणसे अंथरुणाला खिळलेली असतात. रुग्णालय म्हणावे तर तिथे डॉक्टर वस्तीला नसतो. मी पुढे पाच ठिकाणे पाहिली. दोघांकडे विश्वस्त संस्थेची नोंदणी होती. बाकी तिघांनी अभिमानाने भिंतीवरचे शॉप ॲक्टचे प्रमाणपत्र दाखवले. किराणा दुकानाच्या भिंतीवर असते तेच.

असे का झाले, याचे एक कारण आपल्या चर्चेतही आहे. ही जागा आपल्याला नवी नाही. पुण्यातले डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, आजचे 'निवारा', एकोणिसाव्या शतकातले आहे. मातोश्री वृद्धाश्रमांची योजना १९९५ ची. पण मराठी नाटक-सिनेमा-कथेत वृद्धाश्रम आला तो बहुतेक वेळा मुलांच्या कृतघ्नतेचा पुरावा म्हणून. 'ठेवावे की ठेवू नये' यावर आपण दोन पिढ्या वाद घातला. त्या वादात 'ठेवल्यावर तिथे काय होते' हा प्रश्न विचारायचा राहून गेला. ज्याला ठेवल्याचीच लाज वाटते, तो तक्रार करायला कोणत्या तोंडाने जाणार? मला हे माहीत आहे, कारण पहिले सहा आठवडे मी शेजाऱ्यांना आई भावाकडे गेली आहे असे सांगत होते.

मोजायचे काय?

दर्जा कसा मोजावा याचा पाया १९६६ साली एव्हेडिस डोनाबेडियन यांनी घातला. बैरुतमध्ये आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. त्यांनी वैद्यकीय सेवेकडे पाहण्याच्या तीन खिडक्या सांगितल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. इमारत, खाटा, माणसे, त्यांचे शिक्षण ही रचना. प्रत्यक्ष काय केले जाते ही प्रक्रिया. आणि त्यातून रुग्णाचे काय झाले हा परिणाम. माझे अकराही प्रश्न पहिल्या खिडकीतले होते, आणि त्या खिडकीतूनही मी फक्त भिंती पाहिल्या होत्या.

वाटते तितके सोपे मात्र यातले काहीच नाही. समजा, बेडसोर मोजायचे ठरवले. एखादे चांगले केंद्र रुग्णालयांनी सोडून दिलेली, आधीच जखमा झालेली माणसे घेते. त्याच्याकडे बेडसोर जास्त दिसणार. फिरती-बोलती माणसेच घेणारे केंद्र आपोआप उत्तम ठरणार. म्हणून आरंभीची शिल्लक पाहावी लागते: जखम आल्यावर झाली की घेऊनच आला? माणूस किती आजारी होता? पतसंस्थेचा ताळेबंद पाहतानाही आम्ही आधी मागच्या वर्षाची शिल्लकच पाहत असू.

अमेरिकेने या प्रश्नावर चार दशके डोके आपटले आहे आणि तिच्या चुकांपासून शिकण्यासारखे बरेच आहे. १९८६ साली तिथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने नर्सिंग होममधल्या हलाखीवर अहवाल दिला. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, सुधारणा कायदा झाला. प्रत्येक निवासीची ठरावीक नमुन्यात तपासणी, खाटेला बांधून ठेवण्यावर बंधने, सेविकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, परवानाधारक परिचारिका चोवीस तास, हे त्यातून आले. पण किती निवासींमागे किती सेविका, हा आकडा केंद्रीय कायद्याने सांगितलाच नाही. 'पुरेशा' असा शब्द वापरला. 'पुरेसे' हा शब्द दप्तरात दिसला की लेखापरीक्षकाने पेन खाली ठेवू नये.

२००१ साली केंद्र सरकारसाठी झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हा 'पुरेसे' मोजून पाहिला. त्यासाठी वापरलेले एकक मला फार आवडले, कारण ते कोणालाही समजेल असे आहे: दर निवासीमागे, दर दिवशी, शुश्रूषेचे तास. चोवीस तासांत जितक्या माणसांनी प्रत्यक्ष देखभालीचे काम केले, त्यांचे सगळे तास मिळवायचे आणि निवासींच्या संख्येने भागायचे. अभ्यासाचा निष्कर्ष असा, की हे तास ४.१ च्या खाली गेले की टाळता येण्याजोगे अपाय वाढण्याचा धोका असतो. म्हणजे एका माणसासाठी रोज चार तास सहा मिनिटे.

२००८ च्या डिसेंबरात तिथे प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देणारी सरकारी पद्धत सुरू झाली. तपासणीचे निकाल, परिणामांचे निर्देशांक आणि कर्मचारीबळ या तिन्हींवरून तारे ठरत. पण कर्मचाऱ्यांचा आकडा संस्थाच भरून देत, तोही तपासणीच्या आधीच्या दोन आठवड्यांचा. तपासणी साधारण केव्हा येणार याचा अंदाज सगळ्यांना असे. आमच्या खात्यात तपासणीच्या आठवड्यात तिजोरीतली रोकड कशी अचूक जुळायची, हे आठवून मला हसू आले. २०१६ पासून आकडे पगारपत्रकांवरून पाठवणे सक्तीचे झाले आणि २०१८ मध्ये ताऱ्यांसाठी तेच वापरले जाऊ लागले. त्या वर्षी सुमारे १,४०० संस्थांचा कर्मचारीबळाचा दर्जा एकदम खाली आला. ज्या दिवशी एकही पदवीधारक परिचारिका कामावर नव्हती, असे दिवस पगारपत्रकांत उघडे पडले. शनिवार-रविवारी माणसे लक्षणीय कमी असतात, हेही दिसले. म्हातारपणाला रविवारची सुटी नसते.

तिथेही सगळे आलबेल नाही. २०२४ मध्ये सरकारने प्रथमच आकडा ठरवला: एकूण ३.४८ तास, त्यांत परिचारिकेचे ०.५५ आणि सेविकांचे २.४५. उद्योगाने विरोध केला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने नियमाचा मुख्य भाग रद्द केला आणि त्याच वर्षीच्या जुलैमधल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. माणसे मिळत नाहीत आणि पैसे कोण देणार, हे दोन युक्तिवाद. दोन्ही पूर्णपणे खोटे नाहीत. पण निदान वाद आकड्यावर होतो. आपल्याकडे अजून तो बागेवर चालतो.

बेरीज

जखम झाल्यावर आईला लगेच हलवता येईना. तीन आठवडे ती तिथेच होती. त्या काळात मला जमते ते एकमेव काम मी केले: प्रत्यक्ष मोजदाद. दप्तरात काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून गोदामातली पोती मोजायची, तशी.

व्यवस्थापक म्हणाले होते, "आमच्याकडे ३६ जण आणि १८ जणांचा स्टाफ. दोघांमागे एक!" ऐकायला छान वाटते. मी १८ ची फोड केली. स्वयंपाकघरात तीन, झाडलोटीला दोन, वॉचमन एक, ड्रायव्हर एक, ऑफिसात एक. उरले दहा: एक सिस्टर आणि नऊ मावश्या-मामा. पाळी बारा तासांची, आठवड्याला एक सुटी. म्हणजे रोज सरासरी साडेआठ माणसे हजर. त्यांचे तास साधारण १०३. भागिले ३६. उत्तर आले दोन तास एक्कावन्न मिनिटे. त्यातून जेवण, चहा, पाठ टेकणे वजा करा. अडीच तास उरतात. सिस्टरच्या वाट्याची वेळ माणशी सतरा मिनिटे आणि तीही फक्त दिवसा. 'दोघांमागे एक' या वाक्यात सहा पुरुष उंचीचे पाणी होते.

आता रात्र. कागदावर तिघे होते. तीन आठवड्यांत मी नऊ वेळा रात्री आठनंतर वेगवेगळ्या निमित्तांनी गेले: कधी औषध विसरले म्हणून, कधी शाल द्यायची म्हणून. नऊपैकी सात वेळा दोघीच होत्या.

आईच्या खाटेशी एक तक्ता लटकवलेला असे. दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण. दहा, बारा, दोन, चार, सहा, आठ. एकही चौकट रिकामी नाही. अंथरुणाला खिळलेली अशी माणसे तिथे १४ होती आणि चौदाही तक्ते पूर्ण. एकाला वळवायला दोन माणसे लागतात. वळवणे, उशा लावणे, ओले असेल तर बदलणे, याला घरी मला आणि वहिनीला आठेक मिनिटे लागत. १४ माणसे गुणिले सहा वेळा, म्हणजे ८४ वेळा. गुणिले आठ मिनिटे, गुणिले दोन माणसे. १,३४४ मिनिटे. बावीस तास चोवीस मिनिटे. दोघींचे मिळून रात्रीचे तास चोवीस. म्हणजे त्या दोघींनी रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत न बसता, पाणी न पिता हेच केले, तर उरलेल्या २२ जणांना उठवणे, लघवीला नेणे, कोणी पडला तर उचलणे, यासाठी शिल्लक एक तास छत्तीस मिनिटे.

तक्ता खोटा आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. खुणाही एकाच पेनाच्या, एकाच कलाच्या. एका बैठकीत लिहिलेली व्हाउचरे ओळखायला मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी शिकले होते.

न्यायासाठी हेही सांगायला हवे: चांगल्या प्रतीच्या फोमच्या गादीवर काही रुग्णांना तीन-चार तासांनी वळवले तरी चालते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आढळले आहे. पण तिथल्या गाद्या तशा नव्हत्या. होता तो एक एअर बेड. त्याचा पंप बंद होता आणि तो बंद असल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. लक्षात यायला माणूस लागतो.

मी तक्ता घेऊन रात्रपाळीच्या मावशींसमोर उभी राहिले. त्या जालन्याकडच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "खुणा करून ठेवा म्हणतात, मी करते. तुम्हाला खोटं नाही सांगत, ताई. तुमच्या आईला दोनदा तरी वळवते. बाकीच्यांनापण आहे ना." त्यांची ती सलग दुसरी पाळी होती. दिवसा बदलीवर आलेल्या मावशी आल्याच नव्हत्या. त्यांच्यावर रागवायला मी गेले होते. बेरीज माझ्याच हातात होती, त्यामुळे रागवता आले नाही.

आकड्यांत न मावणारे

तास मोजले म्हणजे सगळे मोजले, असे नाही. दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे माणसे टिकतात का. अमेरिकेतल्या पगारपत्रकांच्या याच नोंदींवरून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक गळतीची सरासरी १२८ टक्के निघाली. म्हणजे वर्षभरात जणू सगळी माणसे बदलली आणि काही जागांवर पुन्हा बदलली. २०२२ पासून तिथे ही गळतीही जाहीर होते आणि ताऱ्यांत धरली जाते.

का धरावी? आईला लघवीला लागली की ती पदराचे टोक मुठीत गोळा करायची. हे घरी आम्हाला माहीत होते. पहिल्या केंद्रात ते कोणालाच कळले नाही, कारण कळण्याइतके दिवस कोणी टिकत नव्हते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची भाषा एका माणसापुरती असते आणि ती शिकायला आठवडे लागतात. दर महिन्याला मावशी बदलली की ती भाषा दर महिन्याला मरते.

तिसरी गोष्ट शांततेची. पाहायला गेल्यावर केंद्र शांत असले की आपल्याला बरे वाटते. मला त्या शांततेची आता भीती वाटते. माणसे कमी असली की अस्वस्थ म्हाताऱ्याला आवरण्याचा स्वस्त उपाय म्हणजे गुंगीचे औषध. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून अमेरिकेत त्यांचे प्रमाणही दर्जाच्या मोजणीत येते. तर काही संस्थांनी रुग्णाला स्किझोफ्रेनिया असल्याची नोंद करायला सुरुवात केली, कारण तो आजार असेल तर औषध मोजणीतून वगळले जाते. जो आकडा जाहीर होतो, त्याला फसवायची वाट कोणीतरी शोधतोच. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये.

आणि चौथी गोष्ट पैशांची. रोज साडेतीन तास म्हणजे महिन्याला १०५ तास. एक माणूस आठ तासांच्या पाळीने, २६ दिवस, २०८ तास काम करतो. म्हणजे एका वृद्धामागे अर्धा माणूस लागतो. समजा त्याला महिना अठरा हजार द्यायचे ठरवले, तर वाटणीला नऊ हजार आले. मी त्या केंद्रात महिना अठ्ठावीस हजार भरत होते. जागेचे भाडे, जेवण, वीज, सिस्टर, सगळे धरूनही आमच्या बाबतीत तरी हिशेब बसण्यासारखा होता. पण पेन्शनवर अठ्ठावीस हजार भरू शकणारी माणसे किती? ज्यांना अठरा हजारांवर काम करावे लागते त्या मावश्यांच्या आयांना कोण वळवणार? हा प्रश्न माझ्या बेरजेत बसत नाही, पण बेरीज केली म्हणूनच तो पुढे आला.

दिवाळीची पाळी

दुसरे केंद्र शोधताना माझी वही बदलली होती. मी रविवारी संध्याकाळी साडेसातला, न सांगता जायची. बाग पाहत नसे. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की खिडकीत, ते पाहायची. नखे पाहायची. कोणी हाक मारली की घड्याळ पाहायची. वजनाची वही मागायची, कारण खाऊ घालायला माणूस नसेल तर ते आधी वजनात दिसते. पडल्याच्या नोंदी विचारायची. 'आमच्याकडे कोणी पडतच नाही' म्हणणाऱ्यांकडून लगेच निघायची. स्टाफची यादी नको, या आठवड्याचा ड्यूटी चार्ट दाखवा म्हणायची. वर्षापेक्षा जास्त दिवस इथे असलेल्या मावशी कोण, त्यांच्याशी बोलू द्या म्हणायची. मावश्या कुठे झोपतात, काय जेवतात, तेही पाहायची. आणि शेवटी विचारायची, "दिवाळीच्या चार दिवसांत तुमच्याकडे किती माणसं असतात?"

अमेरिकेत जे रविवारी उघडे पडते, ते आपल्याकडे दिवाळीत पडते. मावश्या बीड, जालना, नांदेड, सोलापूरहून आलेल्या असतात. वर्षभराची त्यांची एकच ओढ असते. चार ठिकाणी उत्तर मिळाले, "काही काळजी करू नका, मॅनेज होतं." पाचव्या ठिकाणच्या चालक बाई गप्प झाल्या. मग आतून एक कागद घेऊन आल्या. मागच्या लक्ष्मीपूजनाचा चार्ट. २२ निवासी, रात्री तिघी. दोन नावे मावश्यांची, तिसरे त्यांचे स्वतःचे. "तरी कमीच पडतात," त्या म्हणाल्या. "दिवाळीत मी नातेवाइकांनाच यायला सांगते. सगळे नाही येत." इमारत जुनी होती, भिंतीला ओल होती. आईला मी तिथे ठेवले.

जखम भरायला पाच महिने लागले. आई त्यानंतर दीड वर्ष होती. पदराचे टोक मुठीत घेतले की काय करायचे, हे तिथल्या मावशींना तिसऱ्या आठवड्यात कळले. मी सांगितले नव्हते, मुद्दाम.

त्या लक्ष्मीपूजनाला मी रात्रपाळीला गेले. बाहेर फटाके वाजत होते, काही जण दचकत होते. कोणी तरी घरून आलेला चिवडा मावशींनी सगळ्यांना चमचा-चमचा वाटला, ज्यांना चावता येत होता त्यांना. दहा वाजता आम्ही दोघींनी आईला वळवले. उशी पाठीला, एक गुडघ्यांमध्ये, टाचा अधांतरी. चादरीची सुरकुती मावशींनी तळहाताने दोनदा साफ केली. मी सवयीने घड्याळ पाहिले होते. नऊ मिनिटे.

घरी आल्यावर जुना हिशेब पुन्हा केला. आठच्या जागी नऊ घातले, तर पंचवीस तास बारा मिनिटे. दोघींच्या चोवीस तासांत ते बसत नव्हते.